थुंकी चिपळूणची, रिझल्ट गुजरातचा: घरी करायच्या डीएनए टेस्टचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर माझं कस्टमर केअरशी भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे या तीन-चार मोठ्या कंपन्यांचं काम साधारण एकाच पद्धतीने चालतं, त्यामुळे कुठलंही किट घेतलंत तरी खालचं बरंचसं लागू पडेल. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचा चिपळूणचा. ब्लॅक फ्रायडेला किट जवळजवळ अर्ध्या किमतीत होतं आणि दोन घेतली तर शिपिंग फुकट, मग काय, मराठी माणूस फुकट शिपिंग सोडतो का, दोन घेतली. एक मला आणि एक आईला, आई तेव्हा सहा महिन्यांसाठी इकडे आली होती. भारतात बसून मागवायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, यातल्या बऱ्याच कंपन्या तिकडे पाठवतच नाहीत.

पॅकिंग एक नंबर. मोबाइलचा असतो तसा गुळगुळीत पांढरा बॉक्स, आत एक नळी, नळीवर छोटं नरसाळं, झाकणात निळसर पाणी आणि परत पाठवायचा डबा पोस्टाचं तिकीट लावूनच. नळीवर रेघ आहे, तिथपर्यंत थुंकी भरायची, फेस धरायचा नाही. वाचायला सोपं आहे हो. माझ्या आईने उभ्या आयुष्यात कधी चारचौघांत थुंकलेलं नाही. ‘अरे माझी थुंकी पोस्टाने पाठवणार? त्या पोस्टमनने हातात धरायची?’ इथून सुरुवात. मग कळलं की अर्धा तास आधी काही खायचं प्यायचं नाही, आणि बाईसाहेबांचा चहा नुकताच झालेला. अर्धा तास थांबलो. मग तोंडाला पाणीच सुटेना, बीपीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं तिचं. शेवटी बायकोने फ्रिजमधून कैरीच्या लोणच्याची बरणी काढली, झाकण उघडलं आणि नुसती नाकाखाली धरली. खायचं नाही, फक्त वास. दोन मिनिटांत रेघ गाठली! कंपनीने हे मॅन्युअलमध्ये छापायला हरकत नाही.

तीन आठवड्यांनी मेल आला की आईचं सॅम्पल पास, माझं नापास, डीएनए पुरेसा मिळाला नाही. आईने हे चिपळूणला फोन करकरून सगळ्यांना सांगितलं. बदली किट फुकट देतात म्हणे, पण ते मागायला एका चॅटबॉटशी बोलावं लागतं आणि त्याला ‘नापास’ या विषयावर एकच वाक्य येतं. चार दिवस, सहा मेल, मग एक जिवंत माणूस भेटला, त्याने पत्ता चुकीचा घातला, किट शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेलं. भांडण ते हेच. सर्व्हिसला पाचपैकी दोन, दोन पण आईचं काम वेळेत झालं म्हणून.

आता मुद्द्याचं. रिझल्ट.

माझा असा आला: गुजराती ४३ टक्के, दक्षिण भारत ३८, उत्तर भारत आणि पाकिस्तान १६, आणि उरलेले ३ ‘ढोबळमानाने दक्षिण आशियाई’, म्हणजे भाजी संपल्यावर तळाशी उरतं ते. महाराष्ट्र नाही. कोकण नाही. नकाशावर सुरत ते अहमदाबाद असा गडद हिरवा डाग आणि आपल्या किनाऱ्यावर फिकट, जणू तिथे कोणी राहतच नाही. आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, ‘आपल्यातलं कोण गेलं होतं गुजरातेत? तुझे आजोबा एकदा द्वारकेला गेले होते, तेवढंच.’

मला वाटलं सॅम्पल बदललं. मग डोकं लावून शोधाशोध केली आणि जे कळलं ते कंपनीने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. हे टक्के म्हणजे तुमचे पूर्वज कुठे राहायचे त्याचा हिशोब नव्हेच. तुमचा डीएनए कंपनीकडे आधीच असलेल्या लोकांशी किती जुळतो, एवढंच ते सांगतात. आणि कंपनीकडे कोण आहेत? त्यांचे स्वतःचे गिऱ्हाईक आणि वर सगळ्या जगाला खुले असलेले दोन-तीन जुने डेटा संच. त्यातला एक मोठा म्हणजे २००८ साली सुरू झालेला आणि २०१५ ला पुरा झालेला १००० जीनोम्स प्रकल्प (जीनोम म्हणजे माणसाचा अख्खा डीएनए), २६ समाजांतले २५०४ लोक. त्यात आपल्या उपखंडातले पाच समाज: लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, इंग्लंडमधले तेलुगू, इंग्लंडमधलेच श्रीलंकन तमिळ आणि गुजराती. आणि हे गुजराती कुठले माहितीये? ह्यूस्टनचे! टेक्सास! मी एडिसनहून थुंकी पाठवली, ती टेक्सासातल्या पटेल-शहांशी ताडून बघितली आणि मला सांगितलं तुम्ही गुजराती. दुसरा जुना संच आहे ५२ समाजांचा, त्यात उपखंडातले नमुने सगळे पाकिस्तानातले, बलोच, ब्राहुई, सिंधी, पठाण, कलाश वगैरे. भारतातला एकही माणूस नाही. मराठी माणूस दोन्हीत नाही.

मिसळीचं बघा. मटकी, कट, फरसाण, कांदा सगळीकडे असतंच, पुण्याची कोल्हापूरची नाशिकची वेगळी लागते ती प्रमाणामुळे. आता एखाद्याने जन्मात पाचच हॉटेलांत मिसळ खाल्ली, त्यातलं एकही महाराष्ट्रात नाही, आणि तुम्ही त्याला चिपळूणच्या स्टँडसमोरची मिसळ दिली तर तो काय सांगेल? ‘ही ह्यूस्टनच्या हॉटेलची, आणि थोडी लंडनच्या अण्णाची.’ तो खोटं बोलत नाहीये, त्याच्या जिभेवर तेवढंच आहे. ती जीभ कमी पडते म्हणून मी या प्रॉडक्टला मार्क कमी देतोय. डीएनए वाचण्यात चूक नाही, ते काम ते चोख करतात. तीनशे कोटी अक्षरं असतात माणसात, कोणतीही दोन माणसं घ्या, साधारण ९९.९ टक्के अक्षरं तीच, म्हणून सगळं न वाचता जिथे माणसामाणसांत फरक पडतो अशा सहा-सात लाख जागाच वाचतात. त्यावर हा सगळा धंदा.

गंमत पुढे आहे. चार महिन्यांनी ॲपमध्ये नोटिफिकेशन, ‘तुमचे निकाल अपडेट झाले आहेत’. गुजराती ४३ वरून २९! दक्षिण भारत वाढलं आणि ‘पश्चिम भारत’ नावाचा एक नवीन रंग उगवला. थुंकी तीच, नळी तीच, मी तोच. तोवर मी ऑफिसातल्या एका गुजराती मित्राला भावा-भावा करून त्याच्याकडून फाफडा वसूल केलेला, तो परत कसा करणार.

मिसळीचा मुद्दा मी हवेतून आणलेला नाही बरं का. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि लालजी सिंग आणि हार्वर्डचा डेव्हिड राइश यांनी मिळून दाखवलं की भारतातले जवळजवळ सगळे समाज दोन जुन्या लोकसमूहांची सरमिसळ आहेत, कोणात एक जास्त, कोणात दुसरं, पण निव्वळ एकच असा जवळपास कोणी नाही. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच वेळ काढली, ही सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात दणकून चालली होती, आणि नंतर हळूहळू लोक जातीतच लग्नं करायला लागले. मग २०१९ ला राखीगढीचा, म्हणजे हरियाणातल्या हडप्पा काळातल्या वस्तीचा पेपर आला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्यात होते. ६१ सांगाड्यांचे नमुने तपासले त्यात एकाच बाईचा डीएनए कामाचा निघाला, बाकी आपल्याकडच्या उन्हाने खाल्ला. त्या बाईत इराणच्या बाजूच्या जुन्या लोकांशी नातं सांगणारा भाग आहे, इथल्या जुन्या शिकारी लोकांचा भाग आहे, पण मध्य आशियातल्या गवताळ पट्ट्यातल्या पशुपालकांचा अंश अजिबात नाही. तो घटक नंतर आला. म्हणजे मटकी आधीपासून, फरसाण नंतर पडलं.

हे सगळं मी व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपमध्ये टाकलं आणि तिथे आमचे काका आहेत. काकांचं म्हणणं आपण मूळचे चितोडचे. कशावरून तर त्यांच्या आजोबांनी सांगितलं म्हणून, आणि कोणीतरी पैसे घेऊन लिहून दिलेली एक वंशावळ आहे, लॅमिनेट केलेली. त्यांनी लगेच फोन केला, ‘चितोड किती टक्के आलं?’ काका, चितोड असा पर्यायच नाहीये. ‘मग कसली टेस्ट, पैसे गेले तुझे.’

त्यांच्यासाठी म्हणून मी हॅप्लोग्रुपचा, म्हणजे बापाच्या किंवा आईच्या सरळ रेघेत मागे गेलं की आपण कुठल्या जुन्या शाखेत बसतो त्याचा भाग नीट वाचला, आणि खरं सांगायचं तर सगळ्या पॅकेजमधला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. बापाकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र आणि आईकडून सगळ्या मुलांना जाणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, या दोन सरळ रेघा. माझी बापाकडची रेघ ‘एच’ निघाली, ती भारतात उत्तर-दक्षिण सगळीकडे सापडते, राजस्थानात पण आणि तमिळनाडूत पण, त्यामुळे काकांना ना होकार ना नकार. आईकडची ‘एम’, ती भारतात इतकी पसरलेली आहे की लोकल ट्रेनच्या डब्यात दगड मारला तर एम वाल्यालाच लागेल, पण जुनी किती, तर आफ्रिकेतून माणसं बाहेर पडली त्यानंतर लगेचच्या काळातली शाखा. आईला हे आवडलं. ‘म्हणजे माझ्या आईकडचे इथे आधीपासून होते, तुमचे ते चितोडवाले बघा कधी आले ते.’ काकांना तिने हे जसंच्या तसं ऐकवलं, दोन वर्षांचा जुना हिशोब होता.

पण काकांना मी एक आकडा दिला तो त्यांना पटला नाही. दहा पिढ्या मागे गेलं की कागदावर १०२४ पूर्वज होतात (आपल्याकडे नात्यात लग्नं, त्यामुळे काही नावं दोन-दोनदा येतील, ते सोडा). वंशावळीतला बाप-आजा-पणजा त्या १०२४ मधला एक. एकच. बाकी १०२३ जण कुठून आले ते लॅमिनेशनमध्ये नाही. काका म्हणाले, ‘बायकांकडचं कोण धरतं?’ आई स्पीकरवर ऐकत होती. पुढचं लिहीत नाही.

आणि असल्या मोजमापाचा हट्ट नवा नाहीये. आपल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला पीएचडी करत होत्या, गाइड युजेन फिशर, पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा मोठा माणूस झाला तोच. त्याची समजूत होती की गोऱ्या वंशाच्या कवटीच्या दोन बाजूंत जास्त फरक असतो आणि त्यातून त्यांची जास्तीची बुद्धी येते. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं, असा काही संबंध नाही. गाइडच्या तोंडावर, बर्लिनमध्ये! पुढे १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने रक्तातली प्रथिनं घेऊन हिशोब केला तर माणसांमधला साधारण ८५ टक्के फरक हा एकाच समाजातल्या दोन माणसांत असतो, उरलेला थोडाच वेगवेगळ्या समाजांमधला. म्हणजे मी आणि काका यांच्यातच इतकं काही वेगळं निघेल की चितोडची गरजच नाही.

‘नातेवाईक शोधा’ हे फीचर चालू करायच्या आधी विचार करा. मला पहिल्या दिवशी १२०० च्या वर नातेवाईक दाखवले, त्यात टोरांटोची एक बाई ‘तिसरी ते चौथी चुलत बहीण’ म्हणून. आम्ही मेसेज केले, ती मूळची देवरुखची, दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांना कामाला लावलं, तासभर व्हिडिओ कॉल, कुलदैवत एक निघालं, आडनावं जुळली नाहीत, समान पूर्वज काही सापडला नाही. कारण तेच, शेकडो वर्षं त्याच त्याच घरांत सोयरीक झाली की सगळेच सगळ्यांचे थोडे थोडे लागतात आणि ॲप ते सगळं बेरजेला धरून लांबचं नातं जवळचं दाखवतं. हे फक्त गमतीचं नाहीये. आंध्रातल्या वैश्य समाजात एक एन्झाइम कमी असण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे, त्यांना ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायचं ठरावीक औषध दिलं तर ते लवकर उतरत नाही, म्हणून तिथले भूल देणारे डॉक्टर आधी समाज विचारून घेतात. असली माहिती मला पिझ्झासारख्या गोल चार्टपेक्षा शंभरपट कामाची वाटते, पण आपल्या छोट्या छोट्या समाजांचं या किटमध्ये काहीच नाही. आपल्याकडच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समाजांतल्या १०,००० लोकांचे जीनोम वाचलेत आणि २०२५ च्या जानेवारीत तो डेटा संशोधकांना खुला झालाय, फरीदाबादला ठेवलाय. तसा माल या कंपन्यांच्या जिभेवर चढेल तेव्हा परत घेईन किट.

निअँडरथल, म्हणजे आपली नामशेष झालेली आदिमानव भावकी, तिचा तुमच्यात किती अंश आहे हा रिपोर्ट वेगळे पैसे न घेता देतात. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांतच साधारण २ टक्के असतो, त्यामुळे बायकोने मला चिडवायचं काही कारण नव्हतं, तिचा पण तेवढाच असणार. यातली खरी बातमी रिपोर्टमध्ये नाहीये: तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक निअँडरथलकडून आलेला तुकडा कोविड गंभीर व्हायची शक्यता वाढवतो, आणि तो दक्षिण आशियात निम्म्या लोकांत आहे, युरोपात १६ टक्क्यांत. २०२० मध्ये ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी हे काढलं, त्यातल्या पाबोला पुढे २०२२ चं नोबेल मिळालं.

आता हे प्रॉडक्ट कोणासाठी आहे ते मला माझ्या ऑफिसात कळलं. टीममध्ये एक आफ्रिकन-अमेरिकन सहकारी आहे, साठीला आलेला, घराणं जॉर्जियाचं. मी माझं गुजरात-पुराण सांगून हसत होतो तर तो म्हणाला माझं पण केलंय, आणि फोन काढला. नायजेरिया, कॅमेरून, माली, घाना असे तुकडे, आणि साधारण पाचवा हिस्सा ब्रिटन. तो ब्रिटनचा हिस्सा कसा आला ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याच्या घरच्यांची नावं १८७० च्या जनगणनेच्या मागे जातच नाहीत, कारण त्याआधी गुलामांची नावं जनगणनेत लिहायचेच नाहीत, मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग, रंग. आपल्याकडे निदान त्र्यंबकेश्वरला किंवा गयेला गेलं तर पंडे वही काढून पणजोबाची सही दाखवतात. त्याच्याकडे हे एवढंच आहे. तो म्हणाला, ‘टक्के बदलतात मला माहितीये, पण आधी पान कोरं होतं.’ आणि आफ्रिकेत एवढी विविधता आहे, जगात सर्वांत जास्त तिथेच, बाहेरचे आम्ही सगळे तिथल्या एका छोट्या गटातून ६०-७० हजार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांची पिलावळ, तरी त्या अख्ख्या खंडातले नमुने कंपन्यांकडे कमीच. त्याच्यापुढे माझं रडगाणं फारच किरकोळ वाटलं आणि मी कॉफी आणायला गेलो.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी पण तशीच झाली. बाबा २०१६ ला गेले. आईचं आणि माझं दोन्ही किट असल्यामुळे ॲप माझ्या डीएनएचे दोन रंग करतं, हा आईकडून आलेला, आणि जो जुळला नाही तो बाबांचा. बाबांनी कधी थुंकी दिली नाही, पण त्यांचा निम्मा भाग असा केशरी पट्ट्यांत समोर आला, २२ च्या २२ गुणसूत्रांवर. आई बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, ‘नऊ नंबरवर त्यांचं कुठलं, नाक का?’ तसं नसतं आई, असं मी म्हणणार होतो, नाही म्हटलं.

प्रायव्हसीचं बघून घ्या. २०२३ मध्ये ट्वेंटी-थ्री-अँड-मी या डीएनए टेस्टच्या मोठ्या कंपनीमधून साधारण ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली, आणि मार्च २०२५ ला त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लोक रांगा लावून आपला डेटा डिलीट करत होते. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही, आणि तो एकट्याचा पण नसतो, माझ्यावरून माझ्या बहिणीचं निम्मं कळतं आणि तिला मी विचारलं पण नव्हतं (आता विचारलं, ती चिडली). सेटिंगमध्ये सॅम्पल नष्ट करा असा पर्याय खोल कुठेतरी असतो, रिझल्ट आला की कच्चा डेटा उतरवून घ्यायचा आणि तो दाबायचा. मी दाबला.

मार्क: पॅकिंग ५, सर्व्हिस २, नकाशा आणि टक्के आपल्यासाठी १.५, हॅप्लोग्रुप ४, एकूण ३ धरा. सेलमध्ये असेल आणि आई किंवा बाबा जवळ असतील तर दोघांचं मिळून घ्या, एकट्याचं घेऊ नका. पूर्ण किमतीत अजिबात नाही, तेवढ्यात एडिसनला चौघं पोटभर जेवतात.

काकांना मी म्हटलं तुम्ही इकडे आलात की तुमचं पण करू, पैसे माझे. ते दोन दिवस विचार करून म्हणाले, ‘रिझल्ट पटला नाही तर पैसे परत देतात का ते आधी बघ.’ पॉलिसी बघितली. नाही देत.